बिनपरवान्याच्या आक्का

सरकारी शिक्का असलेला कागद आक्का हाताने उचलत नसत. चुलीजवळची सांडशी घ्यायच्या, तिच्यात तो कागद पकडायच्या आणि अंगापासून लांब धरून म्हणायच्या, "काय म्हणणं आहे बघा रे ह्यांचं." जेवणाऱ्यांपैकी कोणीतरी वाचून दाखवी. बहुतेक वेळा नगरपालिकेची नोटीस असे. विनापरवाना खानावळ चालवल्याबद्दल आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये? आक्का सगळं नीट ऐकून घेत आणि म्हणत, "का करू नये ते मला विचारतात! मग ह्यांना पगार कशाचा?" कागद सांडशीतूनच चुलीत जाई आणि वाढणं पुन्हा सुरू होई.

अंबरनाथ पूर्वेला, स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या एका गल्लीत त्यांची खानावळ होती. पाटी नव्हती. पत्र्याखाली चार बाकं, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे एक रिकामी शेड. पंचवीस-तीस जेवणारे, सगळे कारखान्यांतले. मी एकटाच सरकारी. चौऱ्याऐंशी साली साताऱ्याकडून आलो होतो, उल्हासनगरच्या शिधावाटप कार्यालयात कारकून म्हणून. पहिल्या दिवशी आक्कांनी नोकरी विचारली, मी सांगितली, तशा त्या पदराने बाक पुसत म्हणाल्या, "अगं बाई, सरकार आलं आमच्याकडे!" तेव्हापासून आठ वर्षं मी 'सरकार'. आमटीत मीठ जास्त झालं तरी त्याचा ठपका माझ्यावर. "सरकारला विचारूनच घातलं होतं हो," म्हणायच्या.

त्यांनी रेशन कार्ड काढलं नव्हतं. मला हे खरंच वाटेना. त्या काळात रॉकेलसाठी माणसं पहाटेपासून डबे रांगेत ठेवत आणि ह्या बाईला वाढीव कोटा मिळवून द्यायला मी बसलो होतो. एकदा फॉर्म घेऊन गेलो. त्यांनी सांडशी मागितली नाही, एवढीच माझी पत राखली. म्हणाल्या, "माझ्या घरात तोंडं किती हे मी कुणाला का सांगू? आज तोंडं मोजतील, उद्या घास मोजतील."

मी वाद घालायचो. कायदा नसेल तर भेसळ कोण बघणार? आक्का पोळपाटावरून मान वर न करता म्हणत, "जेवणारा बघेल. माझं स्वयंपाकघर उघडं आहे, ऊठ, डबे उघडून बघ. मी वाईट वाढलं तर उद्या तू दुसरीकडे जाशील. तुझ्या रेशनच्या तांदळात खडे निघाले, तर माणसं जातात कुठे?" ह्यावर गणपत हसायचा. तो त्यांचा सर्वांत जुना जेवणारा, वांगणीच्या वरच्या डोंगरातल्या वाडीचा. चाळिशीचा, बोलायला कमी आणि भाताला पक्का. तो हसला म्हणजे मी वाद हरलो असं सगळे धरून चालत.

ह्या बाईचा सरकारवर एवढा राग का, ते मला गणपतनेच सांगितलं. आक्कांचे यजमान सोनार होते, पेणकडचे. बारीक कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मग सुवर्णनियंत्रणाचा कायदा आला. चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायचा नाही. चौदा कॅरेटचं सोनं कोणाला हवं होतं? वर्षभरात दुकानाला कुलूप लागलं आणि तो माणूस इथे एका कारखान्यात खोकी उचलायला लागला. त्यात कुढून गेला. आक्का स्वतः ह्यावर एकदाच बोलल्या. "देशासाठी आहे म्हणाले. असेल बाबा. पण ह्यांना एकदा विचारायला तरी कुणी यायचं होतं."

तो कायदा नव्वद साली रद्द झाला. पेपरात बातमी वाचली आणि मी ऑफिसातून तडक खानावळीत गेलो, जणू मीच रद्द करून आणला होता. आक्का भाजी चिरत होत्या. दोन मिनिटं विळीवरचा हात थांबला. "मग आता काय करू? ह्यांना उठवून सांगू?" म्हणाल्या आणि पुन्हा चिरायला लागल्या. 

सरकारने चोर धरावा, बाकीचं आम्ही बघू, असं त्या म्हणत आणि बघतही. गल्लीतलं गटार दोन वर्षं तुंबलं होतं. एका रविवारी आक्कांनी जाहीर केलं की ज्याच्या हातात फावडं त्याच्याच पानात श्रीखंड. दुपारपर्यंत गटार वाहतं झालं. पुढच्या आठवड्यात विनापरवाना खोदकामाची नोटीस आली. गल्लीत कोणी साहेब शिरताना दिसला की आक्का परातीवर झारा वाजवत. तो आवाज आला की भजीवाला, इस्त्रीवाला, भंगारवाला, सगळ्यांच्या फळ्या खाली. साहेब चालत चालत दुसऱ्या टोकाने बाहेर. आम्ही पोट धरून हसायचो.

मागची शेड आक्कांनी मधूला दिली होती. मधू खरवईचा, त्यांच्याच पंगतीत जेवून मोठा झालेला. नोकरी सोडून त्याने निकल प्लेटिंगचं काम टाकलं: नळ, कड्या, बिजागऱ्या चकचकीत करून द्यायचं. ना नोंदणी, ना लायसन. आक्कांना त्याचं कोण कौतुक! "कुणापुढे हात न पसरता उभा राहिला," असं येईल त्याला सांगत. त्याच्याकडे चार माणसं लागली, त्यांत गणपत. आत ॲसिडचा वास एवढा की जेवताना आमच्या घशाशी यायचा. बाहेर हवा फेकणारा पंखा बंद पडला होता. "आक्का, टेन्शन नको घेऊ, दिवाळीला नवा बसवतो," मधू म्हणायचा.

दिवाळीच्या आधी दुपारी कारखाने तपासणारा एक इन्स्पेक्टर आला. परात वाजली. शेडचं दार आतून ओढलं गेलं. मी त्या दिवशी रजेवर होतो आणि बाकावर जेवत होतो. इन्स्पेक्टर तरुण होता, खांद्याला कापडी पिशवी. आक्कांनी चहा विचारला, त्याने नुसतं पाणी घेतलं.

"बाई, ही मागची शेड कुणाची? आत काम चालतं का?"

"कसलं काम? कांद्याचं गोडाऊन आहे ते."

"वास कसला येतोय?"

"सडके कांदे. तुम्ही घेऊन जाता का थोडे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घास तोंडात धरून गप्प बसलो. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला. तो वळणाआड होताच आम्ही सगळे असे हसलो की गणपतसुद्धा शेडमधून बाहेर येऊन विचारू लागला, काय झालं म्हणून.

तीन आठवड्यांनी ॲसिड ओतताना कॅन हातातून निसटला आणि गणपतच्या तोंडावर उडालं. डोळ्यांवर कामाचा चष्मा नव्हता, शेडमध्ये नळ नव्हता. दोघांनी त्याला धरून स्वयंपाकघरात आणलं. आक्कांनी भरलेले हंडे त्याच्या डोळ्यांवर ओतले, ते संपल्यावर शेजारचे ओतले. तो ओरडत नव्हता, नुसता "आक्का, आक्का" म्हणत होता. कल्याणच्या डॉक्टरांनी महिनाभर उपचार केले, मधूने खर्चात हात आखडता घेतला नाही. दोन्ही डोळे गेले ते गेलेच.

कामगार विम्याच्या दवाखान्यात गणपतचा नंबर विचारला. नंबर कुठला? भरपाईच्या कचेरीत तर मीच त्याच्या भावाला घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी फाइल उघडून दाखवली. इन्स्पेक्टरचा शेरा होता, जागेत कांद्याचं गोडाऊन, कामगार नाहीत. सरकारच्या दप्तरी गणपत कांद्यात जमा होता. तो तिथे कामाला होता हे सांगणारं माणूस हवं, साहेब म्हणाले, आणि तो शेरा खोटा आहे हेही सांगणारं. मधू घाबरला होता. गणपत कामाला नव्हता, सहज मदतीला आला होता, असं त्याने लिहून दिलं होतं. त्याच्या माणसांनीही तेच सांगितलं.

म्हणजे उरल्या आक्का. मधू त्यांच्या पायाशी येऊन बसला. "आक्का, मी बुडेन. ही तीन घरं पण बुडतील. तुझी खानावळ पण जाईल, समजून घे." ते खरंच होतं. एकदा कचेरीत सही केली की बिनपरवान्याची खानावळ आपल्या पायांनी सरकारच्या दारात जाणार होती. आक्कांनी त्याच्यापुढे ताट वाढलं. जेवून घे म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. "सरकार, कागद घे." मी लिहायला बसलो. 'गैरसमजातून चुकीची माहिती दिली गेली' असं सरकारी वळणाचं वाक्य मी जुळवलं. त्यांनी वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "गैरसमज कुणाचा? मी खोटं बोलले, असं लिही." मी लिहिलं. मग मला राहवेना. म्हटलं, आक्का, तो इन्स्पेक्टर आत गेला असता तरी काय केलं असतं? पाकीट घेऊन गेला असता. हेही लिहू या.

"मागितलं होतं त्याने पाकीट?"

"नाही."

"मग कसं लिहायचं?"

खाली त्यांनी सही केली, सुमती. आठ वर्षं त्यांच्या हातचं खाऊन मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. सहीशेजारी साक्षीदाराची जागा होती. इन्स्पेक्टर आला त्या दिवशी मी तिथेच होतो, सगळं ऐकलं होतं. पण सरकारी नोकर, बिनपरवान्याची खानावळ, वर चौकशी लागली तर? मी इस्त्रीवाल्याला बोलावलं आणि सही करायला सांगितलं. आक्कांनी ते पाहिलं. त्याची लाज मला आजही वाटते.

शेडला सील लागलं, महिनाभरात खानावळीलाही. मधू गाव सोडून भिवंडीकडे गेला. ज्या सरकारने खानावळ महिनाभरात बंद केली, त्याच सरकारला गणपतची भरपाई मंजूर करायला चार वर्षं लागली. आक्कांची बाजू घ्यायला मला तेवढं पुरेसं होतं. आणि गणपतचे डोळे आठवले की तेवढं पुरत नव्हतं. मी ह्या दोहोंच्या मध्ये अजून लटकलेला आहे.

सत्त्याण्णव साली बदलापूरला बदली झाली, तेव्हा कळलं की आक्का खरवईत एका खोलीत राहतात. रविवारी गेलो. गणपत आत भिंतीला टेकून बसला होता. वाडीवर आता त्याला बघणारं कोणी नव्हतं, म्हणून आक्कांनी त्याला आणून ठेवलं होतं. त्यांचे केस पांढरे झाले होते. "या सरकार," म्हणाल्या. पण त्यात पूर्वीची चेष्टा नव्हती.

जेवताना मीच विषय काढला. म्हटलं, आक्का, आता तरी इन्स्पेक्टर हवेत असं वाटतं का?

"नाही वाटत," त्या म्हणाल्या. "परवाने-बिरवाने मला अजून पटत नाहीत. पण ह्यांचं दुकान गेलं तेव्हा मी काय म्हणत होते? न विचारता ठरवलं म्हणून. आणि मी काय केलं? तो माणूस दारात उभा होता, हा आत होता, आणि ह्याच्या डोळ्यांचं मी ठरवून टाकलं. ह्याला विचारलं का मी?"

गणपत भात कालवायचा थांबला. "आक्का, तू रोज हेच बोलते. विचारलं असतंस ना, तर मी बोललो असतो, हाकल त्याला. माझी नोकरी गेली असती."

आक्कांनी त्याचा हात धरून आमटीच्या वाटीवर नेऊन ठेवला.

"तरी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या.