मागच्या पोरांसाठी इशारा

भोंगा हातात आला की आमचे जमादार आधी त्याला दोन चापट्या मारायचे आणि म्हणायचे, "ऐका, बाबांनो. घाई कुणालाच न्हाई." घाई आम्हाला असायची. असा रेंगाळणारा माणूस तुमच्याही कचेरीत असेल आणि तुम्हीही त्याच्यावर वैतागत असाल. मी तर रोज वैतागायचो.

लातूरच्या जुन्या मुसलमान वस्तीतले ते. मोर्चा असो की मिरवणूक, पोलिसांचा इशारा तेच सांगायचे. एकदा आडत बाजारात रस्ता मोकळा करताना त्यांनी एका म्हातारीला तुरीचा भाव सांगितला, तोही भोंग्यावरून. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग एक दिवस क्लासच्या रस्त्यावर ट्रकनं एका विद्यार्थिनीला चिरडलं. ड्रायव्हर पळत आमच्या चौकीत शिरला. तासाभरात बाहेर पोरांचा समुद्र, ट्रक पेटलेला, आणि एकच ओरड: ड्रायव्हर आमच्या हाती द्या! दार तुटायच्या बेतात होतं. साहेबांनी आम्हाला बंदुका रोखायला लावल्या. "तीनदा इशारा द्या. मग गोळी."

जमादारांनी तो तीनदा मराठीत दिला. साहेबांनी हात वर केला, तर हे पुन्हा सुरू, दखनीत. मग मोडक्या कानडीत. मग तेलुगूत.

"बस्स झालं!" साहेब ओरडले.

"उदगीर-देगलूरकडची, सीमेवरची पोरं मागं हायत, साहेब. त्यांना कळलंच न्हाई तर इशारा कशाचा?" आणि भोंग्यात म्हणाले, "मागच्यांनो, दगड पुढचे मारायलेत. गोळी कुणाला लागंल, ते गोळीला बी ठाऊक न्हाई. खोलीवर जा रे, लेकरांनो."

तेवढ्यात एक दगड माझ्या उजव्या डोळ्यावर बसला. पुढचं मला इतरांनी सांगितलं. मागची पोरं पांगत गेली, आणि पाठीशी कुणी नाही म्हटल्यावर पुढचेही निघाले. गोळी सुटली नाही. ड्रायव्हर वाचला. माझा डोळा गेला.

दवाखान्यात जमादार आले. "राग हाय?"

"हाय."

"असू दे," म्हणाले, आणि माझा हात धरून रडले.

चौकशीत मला सांगण्यात आलं, जमादारांनी उशीर केला म्हणून डोळा गेला, असं लिही. मी लिहिलं, डोळा दगडानं गेला. तरी त्यांची बदली झालीच.

गेल्या वर्षी ते वारले. कबरीवर मूठभर माती मीही टाकली. परतताना जुना सोबती म्हणाला, "गोळी चालली असती तर तुझा डोळा वाचला असता."

वाचला असता. आणि त्याच डोळ्यानं मी नेम धरला असता.