जपानातल्या अळूवड्या

स्वयंपाकघराचं दार अर्धं ओढून घ्यायचं, नळ थोडा सोडून ठेवायचा आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणायचं, "सांगू नये गं, पण सांगते." काकूंचं जपान असं नळाच्या आवाजाआड सुरू व्हायचं.

मी फिजिओथेरपिस्ट. काकांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवी बाजू लुळी पडली होती, बोलणं जवळजवळ गेलं होतं. त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला मी नवीन पनवेलमधल्या त्या घरी जायचे. व्यायाम आटोपला की काकू चहाला आत बोलवायच्या.

त्यांचा मुलगा टोकियोबाहेरच्या एका उपनगरात राहतो. नातू झाला तेव्हा काकू एकट्याच तिकडे गेल्या होत्या. काका म्हणाले होते, "तू जा. मला आपलं पनवेल बरं."

परदेशी जाऊन आलेल्या आयांच्या गप्पा तुम्हीही ऐकल्या असतील. काकूंच्या गप्पांत ना मॉल असायचा, ना विमानतळ. त्यांचं जपान म्हणजे मुलाच्या घरापासून पायी जाता येईल तेवढंच. संध्याकाळी पाचला खांबावरच्या कर्ण्यातून गाणं वाजतं आणि पोरं खेळ टाकून घरी पळतात. रस्त्याकडेला फळीवर मुळे आणि पातीचे कांदे मांडलेले असतात, विकायला मात्र कुणीच नाही. नाणं डब्यात टाकायचं नि भाजी घ्यायची. "पहिल्यांदा मी उभीच राहिले. म्हटलं, येईल आता बाई." चुकीच्या वारी कचरा ठेवला तर पिशवी तिथेच राहते, वर चिठ्ठी चिकटवलेली. "अख्ख्या गल्लीत माझी एकटीची पिशवी! ओढणीखाली लपवून घरी आणली."

हसता हसता त्या थबकायच्या. बाहेरच्या खोलीकडे बघायच्या.

"पुरे. ते तिथे असे पडलेत आणि मी मजा सांगत बसलेय."

एकदा त्या बाजारात भेटल्या. कोन गावाहून येणाऱ्या भाजीवालीने त्यांना हाक मारली, "काकू, वडीचं अळू हाय, आजच कापलंय. तुमी हल्ली नेतच नाय."

"नको," म्हणून काकू पुढे निघाल्या. चेहरा पार उतरला होता.

"काकांना आवडत नाही का?" मी सहज विचारलं.

"जीव आहे त्यांचा अळूवडीवर," त्या म्हणाल्या आणि झपझप चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी दार ओढून, नळ सोडून त्यांनी सगळं सांगितलं.

मुलाच्या घरामागे एक शेत होतं. तिथे त्यांच्याच वयाची, कमरेत वाकलेली एक बाई काम करायची. एक दिवस काकू बघतात तर शेतात अळू! ती मंडळी खालचे कंद खातात आणि पानं टाकून देतात. "बांधावर ढीगच्या ढीग, गं. माझा जीव नुसता तुटला." काकूंनी खाणाखुणा करून पानं मागितली. बाईने हसत मोठा भारा हातात दिला. बेसन होतं, चिंच इथून नेलेली होती. काकूंनी वड्या केल्या आणि डबा घेऊन शेतावर गेल्या. फोन घरी चार्जिंगला लावलेला.

"तिने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, मग नवऱ्याला हाक मारली. तिथेच बसून आम्ही चहा प्यायलो. एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी उठवेना. किती वर्षांनी मला मैत्रीण मिळाली होती, सांग!"

घरी येऊन बघितलं तर फोनवर काकांचे न घेतलेले कॉल, एकामागून एक. उलट फोन केला, तर इकडे कुणी उचलेना. शेवटी शेजारी फोन केला, तेव्हा इथे संध्याकाळी शेजाऱ्यांना काका जमिनीवर पडलेले सापडले. आधी आणलं असतं तर वाचा कदाचित वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.

"ते मला बोलावत होते आणि मी वड्या वाढत होते. त्यांना सांगितलंय, फोन बिघडला होता."

"तुम्ही तिकडून काय करणार होतात, काकू?"

"शेजारी तेव्हाच फोन केला असता."

चहा तसाच निवत राहिला.

पुढे काकांची उजवी बोटं उघडायला लागली. मी विचारलं, "काका, या हाताला आता काय काम देऊ या?" त्यांनी डाव्या हाताने उजवा तळवा सपाट केला आणि त्यावरून डावी बोटं फिरवली, सावकाश, कडेपर्यंत. मला काही कळेना. दारात उभ्या काकूंना कळलं. वड्या करताना पानाला पीठ लावायचं काम नेहमी काकांचं असे.

काकू पलंगाशी जमिनीवरच बसल्या. मी उठायला लागले, तर म्हणाल्या, "तू थांब." मग मोठ्या, उघड्या आवाजात त्यांनी काकांना शेत सांगितलं, ती बाई सांगितली, चहा सांगितला. "तुमचा फोन आला तेव्हा मी तिथे होते. फोन बिघडला नव्हता. मी खोटं बोलले."

काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांचे ओठ हलायला लागले. शब्द येईना. कपाळाची शीर फुगली. मला वाटलं, चिडले.

"आ... आवडल्या?" ते म्हणाले. "तिला?"

काकूंनी चादरीच्या टोकात तोंड खुपसलं. "आवडल्या हो," एवढंच ऐकू आलं.

त्यानंतर घरात वड्या झाल्या. काकांनी लुळ्या हाताने पीठ लावलं, अर्धं पानाला, अर्धं चादरीला. काकू हसल्याही. पण मन मोकळं झालं असं मी म्हणणार नाही. घरात कुठेही फोन वाजला की त्या हातातलं काम टाकून धावायच्या, तो माझा असला तरी.

काका पुढचा उन्हाळा बघायला राहिले नाहीत. वर्षश्राद्ध झालं आणि मुलगा न्यायला आला. काकू बरेच दिवस नाही नाही म्हणत होत्या, शेवटी तयार झाल्या. मी निरोप द्यायला गेले तेव्हा सामान गाडीत चढलं होतं.

"तिकडे बरं वाटेल तुम्हाला," मी म्हटलं.

"वाटेल ना," त्यांनी माझा हात घट्ट धरला. "तेच तर वाईट वाटतंय गं."

गाडी निघाली. मी हात हलवत राहिले. त्यांचं लक्ष नव्हतं. काचेला गाल टेकवून, मान वाकडी करून त्या वर आपल्या बंद खिडकीकडे बघत होत्या. गाडी वळेपर्यंत तशाच.