बायकांची ओळ

गुडघ्यांमुळे चर्चला जाणं सुटलंय, म्हणून आज रविवारी घरीच आईचं गीतपुस्तक उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी पुन्हा बारा वर्षांची झाले.

आई जाऊन आठच दिवस झाले होते. रत्नागिरीतल्या आमच्या चर्चची मंडळी आधीच मूठभर, त्यात धो धो पाऊस. उपासनेला ती चालवणारे बाबा आणि मी, दोघंच. बाबांनी फळ्यावर गीताचा नंबर लिहिला.

"बाबा, हे ईस्टरचं गीत आहे."

"ठाऊक आहे. आजच हवंय ते."

मरणातून उठण्याच्या त्या आनंदी गीताची एक ओळ पुरुष म्हणायचे, पुढची बायका. बायकांची ओळ आई उचलायची. बाबांनी आपली ओळ म्हटली आणि थांबले. मी रागाने गप्प. कौलांवरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. बायकांच्या ओळीएवढं थांबून ते आपली पुढची ओळ म्हणाले, पुन्हा थांबले. शेवटच्या कडव्यात माझा आवाज फुटला, रडका आणि बेसूर.

तेव्हा वाटलं, ते आईसाठी थांबतायत. ते माझ्यासाठी थांबले होते, हे फार उशिरा कळलं.

आता बाबाही नाहीत. खुर्चीत एकटीच बसून मी त्यांच्या ओळीएवढी थांबते, आणि मग माझी ओळ उचलते.