हर्षालीची नागमोडी यादी

कळवणला हर्षालीच्या वडिलांचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे. लहानपणी ती तिथले नट-बोल्ट आकाराप्रमाणे लावायची, मोडायची आणि पुन्हा वजनाप्रमाणे लावायची. गिऱ्हाईक ताटकळत उभं. ही पोरगी एक तर फार पुढे जाईल नाहीतर दुकान बुडवेल, असं वडील सगळ्यांना सांगत.

दुकान वाचलं. हर्षाली सातपूरला आली. कुंदनसरांच्या कारखान्यात इमारतींच्या दर्शनी भिंतींसाठी पत्र्याचे नक्षीदार पॅनल कापतात. तिथे तिला चाचणीच्या बोलीवर घेतलं. पॅनल कुठल्या क्रमाने गाडीत चढायचे, ते ठरवणं तिचं काम.

स्नेहल तिच्याच खोलीत राहते. मराठीत एम.ए. झालेली. एका शुक्रवारी दुपारी ती हर्षालीला डबा द्यायला गेली आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहतच राहिली. नुसत्या चौकोनी डब्या आणि त्यांना जोडणाऱ्या तारा. कुठला पॅनल डाव्या कडेपासून किती दूर, ते आकडे एका डबीत सोडायचे. तारेवरून ते पुढच्या डबीत जातात आणि लहान आधी, मोठा नंतर असे रांगेत लागून बाहेर पडतात. लिहायचं काहीच नाही.

"मग तू दिवसभर करतेस काय?"

"भांडते," हर्षाली म्हणाली.

ते खरंच होतं. नाशिक रोडच्या एका इमारतीवर मल्हारीची टोळी गच्चीवरून दोरांनी टांगलेल्या झुल्यावर उभी राहून पॅनल लावत होती. झुला एका ओळीत डावीकडून उजवीकडे जाई, तिथेच वर चढे आणि पुढच्या ओळीत उजवीकडून डावीकडे येई. शेतात नांगर फिरतो तसा. हर्षालीच्या यादीत मात्र प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू. पहिल्याच गाडीचा दुसऱ्या ओळीत खोळंबा झाला. मल्हारीने फोन करून विचारलं होतं, "ताई, तुमच्या कॉम्प्युटरला परतीचा रस्ता माहीत नाय का?"

तिने लगेच थोड्याशा ओळींचा कोड लिहिला. यादी चोख लागली. कुंदनसरांनी तो उडवून लावला. आधीचा मुलगा सगळं असंच कोडमध्ये लिहून पुण्याला गेला होता. नंतर एक माप बदलायचं झालं तर कोणाला हात लावता येईना. यंत्र बसून राहिलं.

"मला उघडून कळत नाही ते इथे चालणार नाही," ते म्हणाले. "संध्याकाळच्या गाडीआधी डब्यांत बसव. नाहीतर यादी मी हातानेच करतो. मग तुला ठेवू कशाला?"

म्हणून ती भांडत होती. यादी उलटी करणारी डबी जोडली, तर सगळ्याच ओळी उलटल्या. एकाआड एक ओळी वेगळ्या काढल्या, तर तारांचा असा गुंता झाला की तिलाच कळेना. ती उठली. टेबलाभोवती फिरली. बसली. पुन्हा उठली.

मग एकदम थांबली.

"स्नेहल, दोन मोठे की नऊ?"

"नऊ."

"आणि उणे दोन, उणे नऊ?"

स्नेहलला शाळेतला फळा आठवावा लागला. "उणे नऊ लहान. म्हणजे तोच आधी येईल."

"यादी उलटवायचीच नाही गं. ज्या ओळीतून झुला परत येतो, त्या ओळीचे आकडे फक्त उणे करायचे. रांग लावणारी तीच साधी डबी त्यांना आपोआप उलटं लावेल."

तिने उणे एकने गुणणारी एक डबी मध्ये टाकली आणि पहिली ओळ डावीकडून निघते हे सांगायला शेजारच्या डबीत शून्य ठेवलं. तारा जोडल्या. पडद्यावरच्या भिंतीवरून एक रेघ डावीकडून उजवीकडे धावली, वर चढली आणि परत फिरली. पुन्हा वर. स्नेहलच्या अंगावर काटा आला. गणिताने असं तिला आजवर कधी केलं नव्हतं.

गाडी वेळेत गेली.

दुसऱ्या दिवशी स्नेहल पुन्हा गेली. आता तिला राहवत नव्हतं. दोघी चहा पिऊन परतल्या तर हर्षालीच्या खुर्चीत कुंदनसर. मल्हारीचा फोन आला होता: डाव्या बाजूला वायरमनची शिडी आहे, पुढची भिंत उजवीकडून सुरू करतो. हर्षालीचा चेहरा उतरला. ती घाईने पुढे झाली.

"थांब," सर म्हणाले. पडद्यावरची रेघ उजवीकडून निघाली होती. "या डबीत शून्याचा एक केला. बरोबर ना?"

हर्षालीने वाकून शेवटच्या ओळीपर्यंत तपासलं.

"बरोबर, सर."

सरांनी खुर्ची सोडली. "सोमवारी कागदपत्रं घेऊन ये. पक्कं करून टाकू. आणि तो तुझा कोड पुसू नकोस. मला शिकायचाय."

"कळणार नाही तुम्हाला," हर्षाली आनंदाच्या भरात बोलून गेली.

सर मोठ्याने हसले. स्नेहल अजून रेघेकडेच बघत होती.