मोठ्या बाईंची हजेरी

मोठ्या बाई शिक्षकांची हजेरी घ्यायच्या. मस्टरवरच्या सह्यांची नव्हे; तोंडी, लेकरांची घेतात तशी, मैदानात उभं करून. जमीन गुरगुरली की अख्खी शाळा बाहेर यायची. आधी मुलांची मोजदाद व्हायची आणि मग बाई आमच्याकडे वळायच्या. "पवार सर." पन्नाशीला आलेले, मिशा पिकलेले पवार सर सगळ्या पोरांसमोर म्हणायचे, "हजर, बाई." नुसती मान हलवून भागायचं नाही. "माणूस बाहेर आला अन् आवाज आतच राहिला, तर तो आलाच न्हाई," असं बाईंचं म्हणणं. आम्ही पाच शिक्षक. पाचही आवाज आले की बाई तोंडात ओव्याची चिमूट टाकायच्या आणि म्हणायच्या, "चला, पाढे राहिले."

आमचं गाव कळमनुरी तालुक्यातलं, डोंगरकड्याच्या रस्त्यापासून बरंच आत. तिथं काही वर्षांपासून जमिनीतून आवाज येतात. रिकामा टँकर दगडांवरून जावा तसा घरघराट येतो, पत्रे वाजतात, फळ्याच्या काठावरचा खडू खाली पडतो आणि संपतं. कधी आठवड्यात तीनदा, कधी महिनाभर काहीच नाही. काहीच नसलं की जास्त तकलीफ, कारण मग रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारसायकलला दचकायचं. साहेब लोक येऊन गेले, एक यंत्र बसवून गेले, घाबरू नका म्हणाले आणि दिवस मावळायच्या आत आपापल्या गावाला पोचले. आम्ही आपले तिथेच. 'पायाखालची जमीन सरकणे' हा वाक्प्रचार मी चौथीला शिकवायचं सोडून दिलं होतं. मुलं वाक्यात उपयोग फार चांगला करायची.

आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या शाळा आमच्या डोळ्यांदेखत ओस पडल्या. कुणी मेडिकल रजा टाकली, कुणी बदलीसाठी खेटे घातले. मास्तरच टिकत नाही तिथं लेकरू कशाला पाठवायचं, असं आईबाप म्हणायचे, आणि त्यात चूक काय होती? पोरं गेली की शाळा जाते. बाईंना हे आमच्या आधी कळलं होतं. शाळा वाचवायची तर आधी हे पाच घाबरट वाचवायला हवेत, असा त्यांनी हिशेब केला असणार. घाबरट हा शब्द त्यांचा नाही, माझा आहे. तो वापरायचा मला हक्क आहे.

कारण मी पळाले होते. त्या वर्षी माझ्याकडे पहिलीचा वर्ग. बावीस लेकरं जमिनीवर बसलेली, मी टेबलाशी, टेबल दाराला लागून. गुरगुर झाली आणि पुढचं मला आठवतं ते एवढंच, की मी मैदानात लिंबाखाली उभी आहे आणि माझ्या हातात माझी पर्स आहे. लेकरं आत राहिली होती. त्यांना खिचडी शिजवणाऱ्या काशाबाईंनी बाहेर आणलं, एकमेकांच्या सदऱ्याला धरून, रांगेत. बाईंनी हजेरी घेतली. माझं नाव आलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाई थांबल्या. पाचही वर्ग माझ्याकडे बघत उभे होते. अखेर कसंबसं 'हजर' म्हणाले. त्या दिवशी धरणीने खरंच पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

शाळा सुटल्यावर राजीनाम्याचा कागद घेऊनच मी बाईंकडे गेले. बाई व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. कागद त्यांनी वाचलाही नाही.

"पर्स कुठं होती, सुनीता?"

"टेबलावर."

"अन् दार?"

"टेबलाच्या बाजूला."

"मंग पळशील न्हाई तर काय करशील? ऊठ, टेबल धर."

आम्ही दोघींनी मिळून टेबल मागच्या भिंतीला नेऊन लावलं. बाईंनी मुलांच्या पट्ट्या दारापासून अंथरल्या. "आता पळायचं तर बावीस लेकरांच्या मधून पळावं लागंल. तू पळालीस की ती बी तुझ्यासंगं बाहेर." मग खुर्चीत बसून धाप टाकत म्हणाल्या, "पळणाऱ्याला थांब म्हणू न्हाई बाय, कुणी थांबत न्हाई. त्याची वाट तेवढी बदलावी." राजीनाम्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी दुसऱ्या दिवशीचं तांदळाचं माप लिहिलं.

बाई काही मऊ स्वभावाच्या नव्हत्या. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. पालकांसमोर मला दोनदा झापलंय त्यांनी, आणि दोन्ही वेळा चूक माझी नव्हती. कौतुक तर त्यांच्या कोशातच नव्हतं. पण गुरगुर झाली त्या दिवशी मधल्या सुट्टीत काशाबाईंच्या चुलीवर चहा व्हायचा आणि आम्हाला गोल बसवून बाई एकेकाला विचारायच्या, "तुमाला काय झालं?" बहाद्दुरी चालायची नाही. पवार सर एकदा म्हणाले, मला काहीच वाटलं नाही. बाई म्हणाल्या, "सर, तुमचा निम्मा चहा बशीत सांडलाय, कपात न्हाई." सगळे हसले, सरही हसले, आणि मग पहिल्यांदाच त्यांनी सांगितलं की त्यांना गेले दोन महिने घरात पंखा लावलेला सहन होत नाही, कारण त्याची घरघर तशीच येते. ज्याचं फार बिनसलेलं असेल त्याला बाई दुपारी घरी पाठवायच्या आणि त्याचा वर्ग व्हरांड्यात घेऊन स्वतः शिकवायच्या. तडा गेलेल्या भिंतीची खोली एकाच्याच नशिबी येऊ नये म्हणून दर महिन्याला वर्गांच्या खोल्या बदलायच्या. "दुखणं वाटून खायाचं," म्हणायच्या.

त्याच पवार सरांनी बदलीचा अर्ज लिहिला. आम्हाला वाटलं, आता बाई समजूत घालतील, गळ घालतील. बाईंनी अर्जातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि खाली शिफारस लिहून सही ठोकली. "जवा जावं वाटंल तवा द्या वर," म्हणाल्या. मी नंतर चिडून विचारलं, काहून सोडून राहिल्या तुम्ही सरांना? तर म्हणे, "दार उघडं हाय म्हटल्यावर माणूस निवांत बसतो." तो अर्ज सरांच्या खिशात घडी झिजून फाटला. सर गेले नाहीत. कुणीच गेलं नाही. चार वर्षांत एकही शिक्षक गेला नाही, आणि शेजारच्या तांड्यावरची पोरंसुद्धा आमच्याकडे येऊ लागली.

मग तो दिवस आला. उन्हं तापायला लागली होती, सकाळचे सव्वाअकरा झाले असतील. या वेळी आधी आवाज नाही, सरळ धक्काच. गिलाव्याचे पोपडे पडले, फळा एका खिळ्यावर लोंबला. मी मागच्या भिंतीपासून लेकरं पुढं घालत निघाले आणि माझ्या वर्गातून सगळ्यात शेवटी बाहेर आले. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या. मैदानात रांगा लागल्या. बाई दिसेनात. असतील फाटकाकडे, म्हणून पवार सरांनीच हजेरी सुरू केली. मुलं पूर्ण भरली. मग शिक्षक. माझं नाव आलं, मी खणखणीत 'हजर' म्हणाले. सरांनी शेवटी स्वतःचंही नाव घेतलं. पाच. बेरीज बरोबर आली. जमीन परत एकदा हलली, ऑफिसच्या खोलीवरची चार कौलं घसरली, आणि आम्ही दुरून बघत उभे होतो, सगळे सुखरूप म्हणून.

काशाबाई म्हणाल्या, "अन् मोठ्या बाई?"

पाच जणांच्या यादीत बाईंचं नाव कधी नव्हतंच. नावं घेणाऱ्या त्या, त्यांचं नाव घेणार कोण? आम्ही चार वर्षं पाचच मोजत आलो होतो.

सर आणि मी धावलो. बाई ऑफिसात खुर्चीवर बसल्या होत्या. तालुक्याहून कसली तरी माहिती मागवली होती, म्हणून रजिस्टर काढायला आत गेल्या होत्या. केसांत माती, कपाळावर खरचटलेलं, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर. आम्हाला बघून एवढंच म्हणाल्या, "पाय उचलत न्हाईत." आम्ही त्यांना खुर्चीसकट बाहेर आणलं. फार हलक्या होत्या.

त्या परत शाळेत आल्या नाहीत. हिंगोलीला लेकीकडे राहिल्या, तिथूनच निवृत्त झाल्या. मी भेटायला गेले तेव्हा पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. मी जाताच रडायला लागले. म्हटलं, बाई, आम्ही तुम्हाला विसरलो.

"लेकरं मोजली ना? मंग बराबर केलं."

मी विचारलं, पायांना काय झालं होतं? त्यांनी जुडी खाली ठेवली. म्हणाल्या, पहिल्या गुरगुरीपासूनच पाय असे होतात. आवाज आला की कमरेखाली माझं काही राहत नाही. म्हणून थंडीतसुद्धा खुर्ची व्हरांड्यात असायची. तिथून दोन पायऱ्या कशातरी उतरल्या की मैदान. आम्हाला वाटायचं, बाई आमच्यावर नजर ठेवायला बाहेर बसतात.

"मग हाक का मारली नाही, बाई? आम्ही समोरच होतो."

"तुमी नावं घेऊन राहिले होते, समदं ऐकू येत होतं मला. पवार सरांचं ऐकलं, तुझं ऐकलं. किती खणखणीत बोललीस." मग मेथीची जुडी परत हातात घेतली. "हाक मारली असती तर तूच आत आली असतीस. छपराचं आढं वाजत होतं, सुनीता."

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. झोपेतच, काही तकलीफ न होता. आमची शाळा चालू आहे, जमीनही अधूनमधून गुरगुरते. बाहेरगावचे लोक विचारतात, तुमच्याकडे माणसं टिकली कशी? मी बाईंचं नाव सांगते, टेबलाची गोष्ट सांगते, आणि सांगताना मनातून त्यांच्यावर अजून चिडते. पण खरा राग माझ्यावरच आहे, आमच्या पाचही जणांवर आहे. चार वर्षं आम्ही त्यांच्यासमोर गोल बसून, त्यांनी गाळलेला चहा पीत, आपापली भीती त्यांच्या पदरात टाकत होतो. बाई, तुम्हाला काय झालं, असं आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही.