सरांची होडी

दर रविवारी फोनवर तुम्ही दोघं विचारता, आजी, चित्रांच्या वर्गाला जाणं का सोडलंस आणि आमच्या भिंतीसाठी ते 'मूडी' चित्र कधी पाठवतेस? फोनवर तुमचं अर्धं लक्ष माझ्याकडे आणि अर्धं न्याहारीकडे असतं, म्हणून लिहून पाठवते.

बारामतीत आमचा चित्रं काढणाऱ्यांचा एक गट होता. अजूनही आहे, फक्त मी त्यात नाही. सकाळचं चालणं झाल्यावर दिवस अंगावर येऊ लागला की निवृत्त माणसांना कला सुचते. आमच्यात एक बँक मॅनेजर होते, एक डॉक्टरीणबाई होत्या आणि दर वेळी नव्या टोप्या घालून येणाऱ्या दोन जावा होत्या. शिकवायला सर पुण्याहून येत. सरांना उन्हाचा तिटकारा. स्वच्छ आभाळ दिसलं की ते आजाऱ्याला भेटायला आल्यासारखं तोंड करत. ढग दाटले की लगेच ग्रुपवर निरोप यायचा, "उद्या काय मूड आहे! निघू या."

मग आम्ही घडीच्या खुर्च्या घेऊन भिगवणच्या पुढे डाळजला, उजनी धरणाच्या मागच्या पाण्याच्या काठावर जायचो. आमच्याकडचे ढग थांबत नाहीत, तोंड दाखवून पुढे जातात. पाऊस तिकडे मावळात पडतो आणि त्याचं पाणी वाहत येऊन इथे चढतं. वर काळं आभाळ, समोर वाढणारं पाणी आणि पायाखाली धूळ. यात आणखी काही घालायची गरज आहे, असं माझ्या मनात कधी आलं नसतं. सरांच्या मनात यायचं. आधी ते वगळायला सांगत. काठावरचे पाण्याच्या मोटारींचे पाइप नकोत, स्टार्टरच्या पेट्या नकोत, "डिस्टर्ब करतात." मग घालायला सांगत. भर श्रावणात रोहित पक्षी! ते इथे थंडीत येतात, पण पक्ष्यांना कोण विचारतो?

आणि होडी. गटाची रीत अशी की चित्राला शेवटचा हात सरांचा. चित्र होत आलं की ही शहाणीसुरती, पेन्शन घेणारी माणसं ओले कागद हातावर तोलत प्रसादाला उभी राहावीत तशी रांगेत उभी राहत. सर ब्रश तपकिरी रंगात बुडवत. दोन फटकाऱ्यांत होडी, एका ठिपक्यात पाठमोरा एकटा माणूस. खाली सही मात्र ज्याची त्याची. मॅनेजरांच्या दिवाणखान्यात अशी भिंतभर चित्रं आहेत. प्रत्येकात तोच माणूस त्यांच्याकडे पाठ करून निघून चाललेला. मला त्या माणसाचं मन कळतं. माझ्याही चित्रांत तो बसलेला आहे, म्हणूनच तुम्हाला एकही पाठवलं नाही.

गटात माझी एक मैत्रीण होती. तुमच्या आईच्या लग्नातले ब्लाउजपीस ज्या मॅचिंग सेंटरमधून आणले, त्या दुकानाची मालकीण. तिचं माहेर डाळजच्या अलीकडचं. तिथं त्यांचं घर होतं, मागे वडिलांची बांगड्यांची भट्टी होती. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ती शाळकरी पोर होती. सगळं पाण्याखाली गेलं आणि घर उठून बारामतीजवळ जळोचीला आलं. तिची अम्मा आता तिथेच खाटेवर आहे, उठवत नाही. वर्षभर म्हातारीने एकच धोशा लावला होता, आपल्या गावचं पाणी दाखव. मोबाइलवर फोटो दाखवला तर तिला चकाकत्या काचेत आपलंच तोंड दिसायचं. म्हणून लेक ब्रश धरायला शिकली. मूड वगैरे तिच्या गावीही नव्हतं.

एका रविवारी तिने कागदावर सरांना नको असलेले पाइप काढले, पेट्या काढल्या, काठावरची वेडी बाभूळ काढली आणि पुढे नुसतं पाणी. रांगेत ती उभी राहिली नाही. तेव्हा सर स्वतःच तिच्या मागे आले.

"छान. पण रिकामं वाटतंय," असं ते म्हणाले आणि तिने मान वळवायच्या आत होडी मारलीसुद्धा.

ढगाळ हवेत कागद लवकर वाळत नाही. सर त्यालाच नेहमी 'निसर्गाचं सहकार्य' म्हणत. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि माणसासकट होडी टिपून घेतली.

"अहो, हे काय केलंत! चित्राचा प्राण होता तो!"

"सर, त्याच्या खाली आमचं घर हाय. वरनं होडी कशी न्हिऊ?"

डॉक्टरीणबाई समजूत घालण्याच्या सुरात म्हणाल्या, "अगं, सरांचा हात लागला की चित्र प्रदर्शनात जातं. अशी संधी घालवतात का?"

"घालवतात," मी म्हटलं. "आणि खुर्चीचीही घडी करतात." मी माझ्या खुर्चीची केली.

सरांनी डोळे बारीक करून त्या पुसलेल्या फिकट डागाकडे पाहिलं आणि सगळ्यांना बोलावून म्हणाले, "बघा, पाण्यावर उजेड कसा आलाय. शेवटचा हात याला म्हणतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅनेजरांनी तर मोबाइलवर फोटो घेतला.

चित्र प्रदर्शनात गेलं नाही. आम्ही दोघी ते तसंच जळोचीला घेऊन गेलो. अम्माला उशीला टेकवून बसवलं आणि समोर धरलं. तिने बराच वेळ पाहिलं, मग त्या डागावर नख ठेवलं.

"हे काय पुसलंस?"

"होडी व्हती."

"कुणाची?"

"सरांची."

"पुसलीस ते ब्येस केलंस. कोण कुठला." मग तिचं बोट वर सरकलं. "आन् हे काळं काय?"

"ढग हायेत, अम्मा."

"कशापायी? आपण निघालो त्या दिशी लख्ख ऊन व्हतं. पाणी असं चमकत व्हतं, बघवना. तू रडत व्हतीस न् तुझा बाप डोळ्यावर हात धरून उभा."

लेक हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही. "मग आता काय करू म्हणतीस?"

"परत काढ. ढग नगंत."

तेव्हापासून ग्रुपवर दोनदा निरोप आला की मूड अप्रतिम आहे. आम्ही गेलो नाही. आज सकाळीही आभाळ भरलेलंच होतं. मैत्रिणीने दुकान उघडायच्या आधी फोन करून विचारलं, "बाई, तुमच्या बाजूला आभाळ फाकतंय का?" मी गच्चीवर जाऊन पाहिलं. अजून नाही. खुर्च्या दाराशी काढून ठेवल्या आहेत. ऊन पडलं की डाळज.