खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

माझं गाव सावंतवाडीच्या पलीकडे. नववीत शाळा सुटली आणि चुलतभावाबरोबर वायरिंगची कामं करत करत जालन्याला येऊन पोचलो. तिथल्या एका बियाण्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरची खोली मोठी करायचं काम निघालं होतं. मी केबल ओढायला गेलो आणि तिथेच राहिलो, ते सरांमुळे. सर त्या खोलीचे प्रमुख. जाफराबादकडचे, बी.एस्सी. झालेले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. कुणी सांगितलेलं नसताना मी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवली होती. तेवढं बघून त्यांनी मॅनेजर साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला.

अर्ज भरताना शिक्षणाच्या रकान्याशी माझा हात थांबला. सर म्हणाले, "तिथं रेघ मार. खाली अनुभव लिही. त्यो तर खोटा न्हाई ना?"

ती रेघ मला कायम बोचत राहिली. साहेब खोलीत आले की वाटायचं, आज विचारणार. सर मात्र शिकवत गेले. टेपवर बॅकअप कसा घ्यायचा, यूपीएसची बॅटरी कधी मरायला टेकते, कुठला पंखा आवाजावरून आजारी वाटतो. चुकलं की म्हणायचे, "कोकण्या, डोकं गावाकडंच ठिवून आल्ता का?" आणि मग स्वतः खाली बसून दाखवायचे. मला आजही जे काम येतं ते त्या फरशीवर बसून शिकलेलं आहे.

खंडेनवमीला जालन्यात वेल्डिंगच्या टपरीपासून रोलिंग मिलपर्यंत सगळी यंत्रं धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून थांबवतात. पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नसतं. सर त्याच दिवशी घरच्यांना घेऊन नागपूरला निघत, दसऱ्याला दीक्षाभूमीवर पोचायला. जाण्याआधी दर वर्षी ते साहेबांना सांगून जायचे की पूजा करा, पण सर्व्हर चालू राहू द्या. त्या वर्षी साहेब आदल्या दिवशी औरंगाबादला गेले होते. म्हणून सरांनी त्याच संध्याकाळी मला सांगितलं.

"हार घाला, कुंकू लावा, नारळ दाराबाहेर फोडा. पण बंद करायचा न्हाई. डिस्क जुनी झाली. चार वर्षं फिरून राह्यली म्हणून फिरून राह्यली. एकदा थांबली तर परत उठंल याचा भरोसा न्हाई. ध्यानात राहील ना?"

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सर निघून गेल्यावर पूजेला सगळा स्टाफ जमला, साहेबही परतले होते. साहेबांनी सर्व्हरचे हिरवे दिवे पाहिले. "गोदामातला काटा बंद, पॅकिंगचं मशीन बंद, मंग हे काय जावई हाय का? औंदा तर मला कुणी काही सांगितलं न्हाई. करा बंद." लोक हसले. मी तोंड उघडलं असतं तर साहेबांनी 'का' विचारलं असतं. मी डिस्कचं सांगू लागलो असतो, आणि 'तुझं शिक्षण किती रे' इथवर गोष्ट आली असती. तेवढ्याच भीतीनं मी सर्व्हर रीतसर बंद केला. 

दसऱ्यानंतर सुरू करायला गेलो तर पंखे फिरले, डिस्क दोनदा खट् झाली आणि गप्प बसली. शेवटची टेप शनिवारची. त्यानंतरच्या पाच दिवसांच्या नोंदी, म्हणजे गावोगावच्या बियाण्यांच्या प्लॉटची तपासणी, सगळी गेली. शेतावर लिहिलेल्या बऱ्याच कच्च्या चिठ्ठ्या नोंद झाल्यावर फाडून टाकलेल्या. कंपनीच्या इन्स्पेक्टरांना पुन्हा शेतं तुडवावी लागली.

सर परतले तेव्हा साहेबांनी आम्हा दोघांना शेजारी उभं केलं. मला विचारलं, "बंद करू नको म्हणून यांनी तुला सांगितलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग साहेबांना म्हणाले, "घाईत राहून गेलं आसंल, साहेब."

"दसरा आला की तुमचं सगळं ध्यान नागपुरात. हितं मशीन वाऱ्यावर."

 महिन्याभरात सरांना जाफराबादच्या गोदामावर पाठवलं, पोती मोजून घ्यायला. खोलीचा चार्ज माझ्याकडे आला.

काही वर्षांनी पुण्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये माझं काम जमलं. त्यांना डिग्री नको होती, फक्त अनुभवाचं पत्र हवं होतं. निघण्याआधी मी एसटीनं जाफराबादला गेलो. सर गोदामाच्या ओट्यावर बसले होते. मी म्हणालो, "सर, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"मला म्हाईतच की. मीच सांगितल्तं ना तुला."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर साहेबांनी तुझा अर्ज काढला असता. माझी जागा गेली. तुझी नोकरीच गेली असती." मग म्हणाले, "आता तू चाललास. आता तरी साहेबांना खरं सांगून जा. माझ्या फाईलीत चूक माझीच म्हणून लिहिलेलं हाय."

मी कबूल झालो, मनापासून. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभा राहिलो तेव्हा पत्र टाइप होऊन आलं होतं, सही व्हायची होती. म्हटलं, सही होऊ दे, मग बोलू. सही झाली. साहेबांनी पाठीवर हात ठेवला, चहा मागवला, "नाव काढ" म्हणाले. मी चहा प्यालो आणि पत्र घेऊन बाहेर पडलो.

स्टँडवरच्या एसटीडी बूथमधून गोदामाला फोन लावला. सरांनीच उचलला.

"बोललास का?"

"हो."

"मंग? काय म्हनले?"

"काही नाही म्हणाले. ऐकून घेतलं."

"बरं केलंस. नीट जा. तिकडं जेवायखायचं बघ बराबर."

पुण्यात त्याच वर्षाअखेरीस एका जुन्या इन्स्पेक्टरचा फोन आला. बोलता बोलता त्यानं सांगितलं की सरांनी गोदामाचं रजिस्टर नीट लावून, चार्ज सोपवायला किल्ल्या एका जुडग्यात बांधून ठेवल्या होत्या. दिवाळीपर्यंत ते सगळ्यांना म्हणत होते, जालन्याहून आपल्याला बोलावणं येणार आहे.